फ्रेंड बसला, पण दगड पक्का आहे का?

ताम्हिणीच्या पट्ट्यात, डांबरी रस्ता सोडून तासभर जंगलात शिरलं की सुमारे २४ मीटर उंचीची एक उभी भेग लागते. तळाशी जेमतेम बोटं शिरतील एवढी, मधे अख्खा तळहात मावेल एवढी आणि शेवटी मुठीएवढी. ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. तरी नेमकी जागा इथे देत नाही, कारण शेजारच्या कड्यावर शाहीन ससाणा घरटं करतो आणि त्याच्या विणीच्या दिवसांत तिथे माणसांची वर्दळ नको. डिसेंबर-जानेवारीत ससाण्याची जोडी कड्याभोवती ओरडत घिरट्या घालताना दिसली की आम्ही तिथूनच परत फिरतो.

या भेगेत एकही बोल्ट नाही आणि मेखही नाही. लीड करणाऱ्याने, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणाऱ्याने, चढता चढता भेगेत नट (धातूची पाचर) आणि फ्रेंड (स्प्रिंगने उघडणाऱ्या पाकळ्यांचं साधन) बसवून त्यांत दोर अडकवायचा, मागून येणाऱ्याने ते काढत यायचं. सह्याद्रीत हा प्रकार तसा कमीच. आपल्याकडे सुळके चढले गेले ते मुख्यतः मेखा आणि बोल्ट ठोकून, कारण आपला दगड तसा आहे. नट-फ्रेंड कसे बसवावेत याची पुस्तकांतली चित्रं बहुतेक ग्रॅनाइटची असतात. ती पाहून शिकलेला माणूस आपल्या बेसाल्टवर पहिली चूक करतो ती हीच: भेग नीट बघतो, भेगेच्या भिंती बघत नाही.

सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. थर थंड होताना आकसला आणि उभा तडकला. त्या तडकण्यातूनच या सरळ, समांतर कडांच्या भेगा आल्या. म्हणजे आपण जिच्यात फ्रेंड घालतो ती भेग हीच मुळात दगड दगडापासून सुटल्याची खूण आहे. एका बाजूला डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला कधी डोंगर, तर कधी नुसता टेकून उभा असलेला खांब.

फ्रेंड धरतो तो भिंतींना बाजूला रेटून. त्याच्या पाकळ्यांचा आकार असा असतो की भेग रुंद असो वा अरुंद, दगडाशी होणारा कोन तोच राहतो. रे जार्डिनच्या मूळ रचनेत, म्हणजे १९७८ साली बाजारात आलेल्या फ्रेंडमध्ये, तो १३.७५ अंश होता. आजचेही बहुतेक त्याच्याच आसपास आहेत. या कोनाचं गणित केलं तर खाली १०० किलोचा ओढा बसला की प्रत्येक भिंतीवर साधारण २०० किलोचा आडवा रेटा येतो. चार-पाच मीटरच्या साध्या पडण्यातही वरच्या रनरवर (दोर अडकवलेल्या नट किंवा फ्रेंडवर) ४-५ किलोन्यूटन भार सहज येतो, म्हणजे भिंतीवर एक टनाच्या आसपास. फ्रेंडवर कोरलेले १२ किंवा १४ किलोन्यूटन हे फ्रेंडचे आहेत, दगडाचे नाहीत.

म्हणून तळाशी पोहोचल्यावर हार्नेस घालण्याआधी आम्ही भेग वाजवतो. मुठीच्या कडेने ठोकायचं आणि दुसरा तळहात फूटभर अंतरावर दगडाला लावून ठेवायचा. भरीव दगड टणक वाजतो आणि हाताला काही जाणवत नाही. सुटलेला दगड बद्द वाजतो आणि दुसऱ्या तळहाताखाली थरथर कळते. जमिनीवरून हात पोहोचतो तेवढंच असं तपासता येतं. पुढचं चढताना, प्रत्येक रनरच्या आधी. पहिल्यांदा या भेगेवर जाताना आम्ही वरून दोर सोडून, दोरावर लटकत सगळी भेग वाजवत उतरलो होतो. हा काही शुद्ध प्रकार नाही असं म्हणणारे आहेत, पण अनोळखी बेसाल्टवर हे अर्ध्या दिवसाचं काम आम्हाला महाग वाटत नाही.

त्या तपासणीत कळलं ते असं. तळाचे ३ मीटर तांबड्या, गेरूसारख्या मऊ थराचे. नखाने ओरखडा उठतो, तिथे काहीही बसवण्यात अर्थ नाही. ३ ते ९ मीटर काळा, घट्ट कातळ, दोन्ही बाजू भरीव. ९ ते १२ मीटर डावीकडचा सव्वा मीटर रुंदीचा खांब पोकळ वाजतो. १२ ते १७ पुन्हा उत्तम. १७ ते साडेएकोणीस मीटरमध्ये पांढऱ्या गाठींचा पट्टा: लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटचे स्फटिक भरले आहेत. फ्रेंडची पाकळी अशा गाठीवर टेकली की भार येताच गाठ चुरा होऊन निसटते. त्याच्यावर २२ मीटरपर्यंत मुठीची भेग, तिच्यात अडकलेला एक धोंडा. शेवटचे दोन मीटर मुरूम आणि गवत.

आमचा रॅक, म्हणजे सोबत न्यायची साधनं, या मापांवरून ठरला. मधल्या आकारांचे दहा नट, ०.३ ते ३ क्रमांकांचे फ्रेंड, त्यांपैकी १ आणि २ क्रमांकाचे दोन-दोन, असे एकूण नऊ. ६० सेंटिमीटरच्या स्लिंगचे (शिवलेल्या पट्टीच्या फासाचे) आठ ड्रॉ, म्हणजे दोन्ही टोकांना कॅराबिनर ही उघडणारी कडी लावलेले, १२० सेंटिमीटरच्या दोन स्लिंग, ७ मिलिमीटर जाडीची ६ मीटर कॉर्ड, पाच लॉकिंग कॅराबिनर, दोघांकडेही एकेक नट-की (अडकलेला नट काढायचा आकडा). दोर ९.८ मिलिमीटरचा, ६० मीटर, डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा. हेल्मेट बिले देणाऱ्यालाही (खालून दोर सांभाळणाऱ्यालाही), कारण पहिला मुरूम त्याच्याच डोक्यावर येतो. बिले देणारा उभा राहतो तो भेगेच्या सरळ खाली नाही, उजवीकडे एका अंजनाच्या झाडाच्या आडोशाला, पण कड्यापासून दीड मीटरच्या आत.

ऋतूबद्दल थोडं. पाऊस थांबला म्हणजे भेग वाळली असं होत नाही. माथ्यावरच्या मातीतलं पाणी ऑक्टोबरभर, कधी नोव्हेंबरातही भेगेतून झिरपत राहतं. कडा कोरडा दिसतो आणि आत बोटं घातली की शेवाळ लागतं. ओल्या शेवाळावर फ्रेंड धरत नाही. मार्चपासून दगड तापतो, हात घामेजतात. उरतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवस, आणि त्यातही ससाण्याने परवानगी दिली तर. निघण्याआधी वरच्या ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कातळाखाली) आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने बघणं हे सक्तीचं. असेल तर त्या दिवशी त्या कड्यावर चढाई नाही. धूर नाही, उग्र वासाचं काही अंगावर नाही, आरडाओरडा नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला माशांपासून पळता येत नाही.

आणि फुरसं. ते दगडांच्या फटीतच राहतं, बोटं घालायची जागा आणि त्याची जागा एकच. पहिल्या दोन मीटरमध्ये आणि गवताच्या प्रत्येक टप्प्याशी हात घालण्याआधी बॅटरीचा झोत आत टाकायचा, मग नट-कीने आत खरखर करायची. आतून खवले घासल्यासारखा आवाज आला तर हात मागे. वटवाघळं असली तर आधी वासाने कळतात.

हाताला टेप लावल्याशिवाय बेसाल्टच्या भेगेत जाऊ नये. कडा धारदार असतात, हाताच्या मागची कातडी दोन जॅममध्ये, म्हणजे भेगेत हात दोनदा अडकवला की, सोलून निघते. औषधाच्या दुकानातली ३८ मिलिमीटर रुंदीची झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी चालते. आधी हाताच्या मागच्या बाजूला टिंक्चर बेंझॉइन लावून वाळू द्यायचं, नाहीतर आपल्या हवेत घामाने पट्टी अर्ध्या तासात सुटते. हाताच्या मागे बोटांच्या मुळांपासून मनगटापर्यंत तीन उभ्या पट्ट्या, मग पहिल्या बोटाच्या आणि करंगळीच्या बुडातून अरुंद पट्ट्या फिरवून आणायच्या, शेवटी मनगटाला वेढा. तळहात मोकळाच. वेढा देताना मूठ घट्ट आवळून धरायची. सैल हातावर बांधलेली पट्टी मूठ वळताच रक्त अडवते.

पहिले ३ मीटर रनर नाही. खालचे दोघे हात वर करून उभे राहतात, पडलाच तर कमरेला धरून दिशा द्यायला. तांबड्या थरात पाय दाबून ठेवायचा, ढकलायचा नाही. ढकलला की पायरीच निघून येते. काळ्या कातळाला हात लागला की साडेतीन मीटरवर पहिला नट. इथे भेग खाली निमुळती होते, नट वरून सरकवून खाली ओढला की पाचरीसारखा बसतो. एक झटका देऊन पक्का करायचा. पण हा पहिला नट फसवा असतो. बिले देणारा कड्यापासून लांब उभा राहिला तर वरून पडणाऱ्याचा भार दोराला ताणून सरळ करतो आणि हा नट बाहेर, वरच्या दिशेने ओढला जातो. तो सुटला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, शर्टाची चेन उघडावी तसे. म्हणून एक तर बिले कड्याला खेटून, नाहीतर पहिल्या ठिकाणी वरचा ओढाही सोसणारा फ्रेंड. आम्ही नटाखाली ०.३ क्रमांकाचा फ्रेंड घालतो आणि दोन्ही एकत्र क्लिप करतो.

दुसरा रनर सव्वापाच मीटरवर. कागदावर साडेतीन मीटरचा रनर सात मीटर उंचीपर्यंत जमिनीपासून वाचवतो. पण दोर ताणला जातो, बिलेत थोडी ढील असते, आणि डोक्यावरच्या रनरमध्ये क्लिप करताना आपणच आणखी दीड मीटर दोर ओढून घेतलेला असतो. त्यामुळे खरा हिशेब साडेपाच मीटरचा.

इथली भेग दोन सेंटिमीटरची. बोटं पहिल्या-दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायची, अंगठा खाली, आणि कोपर खाली आणत मनगट पिळायचं. बोटं एकमेकांवर चढून अडकतात. जोर बोटांच्या ताकदीचा नसतो, पिळण्याचा असतो. पाय नेहमी भेगेतच: गुडघा बाहेर फिरवून बुटाचं टोक आडवं करायचं, आत सरकवायचं आणि मग गुडघा सरळ करायचा. नवखा माणूस पाय भेगेच्या बाहेर, दगडाच्या छोट्या उंचवट्यांवर शोधत बसतो आणि सगळं वजन हातांवर घेतो. सातव्या मीटरला त्याचे हात भरून येतात ते याच कारणाने.

सातव्या मीटरवर ०.५ चा फ्रेंड. घालताना पाकळ्या निम्म्याहून जास्त मिटलेल्या हव्यात, पण पूर्ण मिटलेल्या नकोत. पूर्ण मिटवून कोंबलेला फ्रेंड निघत नाही आणि पुष्कळ उघडलेला धरत नाही. चारही पाकळ्या दगडाला टेकल्या आहेत का हे आत वाकून बघायचं. एक जरी हवेत असेल तर जागा बदलायची. दांडी अपेक्षित ओढ्याच्या दिशेला, म्हणजे खाली आणि किंचित बाहेर. आणि प्रत्येक फ्रेंडला ६० सेंटिमीटरची स्लिंग. आखूड ड्रॉ लावला की वर चढणाऱ्याच्या दोराच्या हेलकाव्याने दांडी डोलते आणि फ्रेंड पावलं टाकत आत चालत जातो. तुम्ही बसवलेली जागा आणि तुम्ही पडाल तेव्हा तो असलेली जागा यांत मग वीतभर फरक पडतो, आणि आत भेग रुंद असेल तर पाकळ्या पार उघड्या.

आठ आणि साडेआठ मीटरवर दोन रनर जवळजवळ: एक नट, एक ०.७५ चा फ्रेंड. कारण पुढे तो पोकळ खांब. नवव्या ते बाराव्या मीटरपर्यंत आम्ही भेगेत काहीही घालत नाही. पुष्कळांचा समज असतो की फ्रेंड नको तर नट घालू, नट रेटत नाही. नटही पाचरच आहे. निमुळती पाचर भार आल्यावर भिंतींना रेटतेच, कधी फ्रेंडपेक्षा जास्त. खांब हलला तर रनर जातोच, शिवाय खांब बिले देणाऱ्यावर जातो. त्यामुळे हे तीन मीटर साडेआठच्या जोडीवर भरवसा ठेवून चढायचे. बाराव्या मीटरला पडलं तर सात मीटर पडणं आणि वर दोराचा ताण, तरी जमीन तीनेक मीटर खाली राहते. हात-पाय मात्र खांबाला बाहेर न ओढता घालायचे. डाव्या कडेला दोन्ही हातांनी धरून, पाय समोर रोवून लेबॅक करण्याचा मोह इथेच होतो, कारण कड छान आहे. ती कड म्हणजेच पोकळ खांबाची कड.

बारा ते सतरा मीटर ही या भेगेची खरी मौज. सरळ भेग, हात सपाट आत जातो, अंगठा तळव्यात दुमडला की तळहात फुगतो आणि माणूस एका हातावर निवांत लटकून हसू शकतो. मौजेचा तोटा असा की रनर बसवायला इतकं सोपं जातं की लीड करणारा दर मीटरला एक घालत सुटतो आणि सतराव्या मीटरला त्याच्याकडे २ क्रमांक उरलेला नसतो. आमचं वाटप ठरलेलं: सव्वाबारावर एक १ क्रमांकाचा, साडेचौदावर एक २ चा, आणि पावणेसतरावर उरलेले १ आणि २, वर-खाली, दोन्ही घट्ट काळ्या दगडात.

कारण पुढे पांढऱ्या गाठी. अडीच मीटर, चढायला सोपे, कारण गाठी निघालेल्या जागी पायाला खळगे आहेत. पण रनर नाही. इथे फ्रेंड दिसायला अप्रतिम बसतो, आणि म्हणूनच इथे थांबायचं नाही. हातातला खळगासुद्धा आधी अंगठ्याने दाबून बघायचा.

साडेएकोणीसच्या वर भेग मुठीएवढी रुंद होते. हात आत, मूठ आडवी, आवळली की बसते. विसाव्या मीटरवर ३ क्रमांकाचा फ्रेंड. साडेएकवीसवर तो अडकलेला धोंडा. त्याच्याभोवती १२० सेंटिमीटरची स्लिंग टाकता येते, पण आधी धोंडा वरून, खालून, दोन्ही बाजूंनी ढकलून बघायचा, दर वर्षी नव्याने. पावसाळ्यात त्याच्या खालची माती वाहून जाते.

मग माथा. सह्याद्रीत भेग संपली म्हणजे चढाई संपली असं कधीच होत नाही. सुकलेलं गवत, खाली मुरूम, त्याखाली कातळ, आणि हाताला धरायला फक्त कारवीच्या काटक्या. कारवी उपटून येते. गवताचा झुबका बुडाशी, मुळाजवळ धरायचा आणि खाली दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. पाय बुटाच्या कडेने मुरुमात खुपसायचे. शेवटचा रनर अडीच मीटर खाली आहे हे लक्षात ठेवून घाई करायची नाही. इथे सुटणारा प्रत्येक खडा खाली जातो, म्हणून ‘दगड!’ अशी आरोळी आधी, मग पुढचं पाऊल.

अँकर, म्हणजे माथ्यावर दोर बांधायचा आधार, झाडांचा. कड्याच्या कडेला एक उंबर आहे, त्याच्याकडे बघायचंही नाही. त्याची मुळं भेगेतल्या वीतभर मातीत पसरलेली आहेत. सात मीटर मागे मांडीपेक्षा जाड हिरडा आणि जांभूळ आहेत, जिवंत, खोल मातीतले. दोघांच्या बुंध्याला, जमिनीलगत, दोर फिरवून क्लोव्ह हिच या गाठीने बांधायचं आणि स्वतः दोराच्या लांबीने कड्यापर्यंत परत यायचं, म्हणजे मागून येणारा दिसतो. दोन बाजूंमधला कोन साठ अंशांच्या आत राहू द्यायचा. साठ अंशांना प्रत्येक झाडावर भाराच्या ५८ टक्के येतो, एकशेवीस झाला की दोघांवरही पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन झाडं वापरल्याचा फायदा शून्य.

मागून येणाऱ्याचं काम नट काढणं. नट ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो, म्हणजे वर ढकलून. खाली ओढून तो अजून घट्ट होतो. अडकलेल्या फ्रेंडचा ट्रिगर (पाकळ्या मिटवणारा खटका) दाबून आधी थोडा आत सरकवायचा, पाकळ्या कुठे मोकळ्या होतात ते बघायचं आणि मग बाहेर. ट्रिगर बोटांना लागत नसेल तर नट-कीच्या आकड्याने. हात सोडून काम करायचं तर ‘टाइट’ म्हणून दोर ताणून घ्यावा, पण पोकळ खांबाशी लटकू नये.

उतरण्याचा एक सापळा सांगायलाच हवा. ६० मीटरचा दोर मधोमध घेतला की ३० मीटर. भेग २४ मीटर, म्हणून रॅपल, म्हणजे दोरावरून उतरणं, सहज होईल असं वाटतं. झाड सात मीटर मागे आहे: ३१. टोकांना गाठी नसतील तर तो एक मीटर फार महागात पडतो. शिवाय कड्याच्या कडेवरून घासणारा दोर खाली ओढताना हमखास अडकतो. आम्ही उजवीकडच्या नाळेने चाळीस मिनिटांत चालत उतरतो. बूट बदलून, कारण क्लाइंबिंगच्या बुटांत घसाऱ्यावर चालणं म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण.

खाली आल्यावर रॅक मोजायचा: दहा नट, नऊ फ्रेंड. घरी गेल्यावर फ्रेंड कोमट पाण्यात ट्रिगर दाबत-सोडत धुवायचे, कारण तांबडी माती पाकळ्यांच्या आसात बसते आणि दमट हवेत स्प्रिंग गंजते. सावलीत पूर्ण वाळवून मग आसाला कोरडं वंगण, स्लिंगवर एक थेंबही न उडू देता. खाण्याचं तेल लावू नका, त्याला पुढच्या खेपेची सगळी माती चिकटते.